विश्लेषण : मुलगा की मुलगी, हे कोण ठरवते? धान्यातल्या किड्यात उत्तर शोधणाऱ्या नेटी स्टीव्हन्स

दुसरीही मुलगीच झाली, की अनेक घरांत बोट सुनेकडे वळते. नवस, उपास, गंडेदोरे, कुणीतरी सांगितलेली पुडी, सगळे तिच्याच वाट्याला येते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८०७. राज्यात हे प्रमाण सर्वात कमी होते. या आकड्यामागे जे अनेक समज आहेत, त्यातला एक म्हणजे मुलगा होणे किंवा न होणे बाईच्या हातात असते.

हा समज चुकीचा असल्याचे विज्ञानाला १९०५ पासून माहीत आहे. ते दाखवून दिले एका शाळामास्तरीण राहिलेल्या अमेरिकन महिलेने, आणि तेही जुन्या पिठात, धान्यात होणाऱ्या एका किड्याच्या पेशी पाहून. त्यांचे नाव नेटी मारिया स्टीव्हन्स. पुढे पिकल्या फळांवर घोंघावणाऱ्या चिलटाने त्यांचा शोध आणखी पुढे नेला आणि भ्रूणातल्या प्रत्येक पेशीला आपण कोण व्हायचे हे कसे कळते, त्याचेही उत्तर मिळू लागले.

कोण होत्या नेटी स्टीव्हन्स?

स्टीव्हन्स यांचा जन्म ७ जुलै १८६१ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. आई लवकर गेली. पुढे कुटुंब मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्टफर्ड गावी स्थायिक झाले. वडिलांचा धंदा बरा चालत असल्याने नेटी आणि बहीण एमा या दोघींना शाळेत घालता आले. त्या काळी तिथेही मुलींच्या शिक्षणाचा शेवट बहुधा लग्नात होई. नोकरी करायचीच असेल तर शिक्षिका, परिचारिका किंवा कचेरीतील कारकून, एवढेच पर्याय असत.

स्टीव्हन्स शिक्षिका झाल्या. मधल्या काळात त्यांनी वेस्टफील्ड येथील अध्यापक विद्यालयात प्रवेश घेतला आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत पुरा केला. त्यानंतर पुन्हा शाळा, पुन्हा वर्ग. शिकवायचे आणि पगारातून थोडे थोडे मागे टाकायचे, असे तब्बल एका तपाहून अधिक काळ चालले. डोक्यात मात्र पुढे शिकण्याचा विचार पक्का होता.

पस्तिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी

१८९६ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्या कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाल्या. विद्यापीठ तेव्हा अगदी नवे होते. तिथे १८९९ मध्ये पदवी आणि १९०० मध्ये पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळवली. सुट्टीचे दिवस समुद्रकिनाऱ्यावरील प्रयोगशाळेत सूक्ष्मजीव पाहण्यात जात. सूक्ष्मदर्शकावर हात बसला तो तिथेच.

त्यानंतर त्या पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयात गेल्या. हे महाविद्यालय निवडण्यामागे मोठे कारण होते. पेशींच्या अभ्यासात नाव कमावलेले एडमंड विल्सन यांनी तिथे पूर्वी शिकवले होते आणि थॉमस हंट मॉर्गन तेव्हा तिथे प्राध्यापक होते. स्टीव्हन्स यांची गुणवत्ता पाहून महाविद्यालयाने त्यांना युरोपात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. इटलीतील नेपल्सच्या सागरी प्रयोगशाळेत आणि जर्मनीतील व्युर्झबुर्ग येथे थिओडोर बोव्हेरी यांच्याकडे त्यांनी काम केले. बोव्हेरी त्या वेळी पेशींमधील गुणसूत्रांचा अभ्यास करीत होते. गुणसूत्रे म्हणजे पेशीच्या केंद्रकात दिसणारे धाग्यांसारखे तुकडे. वारसा यांच्यातूनच पुढच्या पिढीत जातो का, हा त्या काळातला कळीचा प्रश्न होता.

१९०३ मध्ये स्टीव्हन्स यांना पीएचडी मिळाली. पण पदवीने पोट भरत नाही. शिकवणीची नोकरी धरली तर संशोधनाला वेळ उरत नव्हता. अखेर त्यांनी कार्नेगी संस्थेकडे मदत मागितली. मॉर्गन आणि विल्सन यांनी शिफारस केली आणि अनुदान मंजूर झाले. त्या पैशांवर झालेल्या कामाने जीवशास्त्रातील एक फार जुना वाद निकाली काढण्याची सुरुवात केली.

तेव्हा लोकांना काय वाटत होते?

मुलगा की मुलगी हे कशाने ठरते, याबद्दल त्या काळच्या शास्त्रज्ञांतही एकमत नव्हते. आईला पोटभर व चांगला आहार मिळाला तर मुलगी होते आणि हाल झाले तर मुलगा, असे काही जण मानत. काहींच्या मते तापमान महत्त्वाचे होते. थोडक्यात, गर्भ राहिल्यानंतर आईच्या शरीरात आणि तिच्या भोवताली काय घडते यावर सगळे अवलंबून असल्याचा समज विद्वानांतही होता.

हा समज अगदीच निराधार नव्हता. काही प्राण्यांत तापमानाने लिंग ठरते. कोकणातील वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणारी ऑलिव्ह रिडले कासवे हे आपल्याजवळचे उदाहरण. वाळू अधिक गरम असेल तर त्यांच्या अंड्यांतून माद्या अधिक निघतात. चूक होती ती एकच नियम साऱ्या प्राण्यांना लावण्यात.

गुणसूत्रांचा धागाही काहींच्या हाती लागला होता. १८९१ मध्ये जर्मनीतील हेरमान हेंकिंग यांना एका किड्याच्या शुक्राणूंपैकी निम्म्यांतच एक जादा तुकडा दिसला. तो काय आहे हे कळेना, म्हणून त्यांनी त्याला एक्स म्हटले. गणितात अज्ञात संख्येला आपण म्हणतो तसेच. १९०२ मध्ये अमेरिकेतील क्लॅरेन्स मॅक्लंग यांनी नाकतोड्यांच्या अभ्यासावरून मांडले की हा जादा तुकडाच नर घडवतो. दिशा बरोबर होती, निष्कर्ष उलटा निघाला होता.

धान्यातल्या किड्यात काय दिसले?

स्टीव्हन्स यांनी अनेक कीटक तपासायला घेतले. त्यातला एक होता टेनेब्रिओ मोलिटर, म्हणजे साठवलेल्या धान्यात आणि पिठात वाढणारा काळपट भुंगेरा. त्याच्या पिवळट अळ्या आजही पाळीव पक्ष्यांचे खाद्य म्हणून विकल्या जातात.

काम किचकट होते. किड्याच्या शरीरातून शुक्राणू तयार करणारा सूक्ष्म भाग काढायचा, तो औषधात घालून पेशी आहेत त्या स्थितीत पक्क्या करायच्या, त्याचे पातळ काप घ्यायचे, रंग चढवायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीतील गुणसूत्रे मोजत, हाताने त्यांचे चित्र काढत बसायचे. एक चुकीचा काप, थोडासा जास्त रंग, आणि सगळी मेहनत वाया.

या मोजणीतून जे आकडे आले, ते कोणालाही समजतील इतके सोपे आहेत.

मादीच्या शरीरातील पेशींत २० मोठी गुणसूत्रे होती.

नराच्या पेशींतही २० च होती. पण १९ मोठी आणि १ अगदी लहान.

मादीच्या प्रत्येक स्त्रीबीजात १० मोठी गुणसूत्रे येत होती. सगळी स्त्रीबीजे याबाबतीत सारखीच.

नराचे शुक्राणू मात्र दोन प्रकारचे होते. निम्म्यांत १० मोठी गुणसूत्रे, तर उरलेल्या निम्म्यांत ९ मोठी आणि १ लहान.

आता बेरीज करा. स्त्रीबीजाची १० आणि पहिल्या प्रकारच्या शुक्राणूची १० मोठी, अशी २० मोठी झाली, की मादी. स्त्रीबीजाची १० आणि दुसऱ्या प्रकारच्या शुक्राणूची ९ मोठी व १ लहान, अशी १९ मोठी व १ लहान झाली, की नर. म्हणजे फरक स्त्रीबीजात नव्हताच. तो शुक्राणूत होता. शिवाय लिंग ठरत होते ते फलन होण्याच्या क्षणी. नंतर आईने काय खाल्ले, किती काम केले, उजव्या कुशीवर झोपली की डाव्या, याचा त्याच्याशी काही संबंध उरत नव्हता.

हे निष्कर्ष १९०५ मध्ये कार्नेगी संस्थेने प्रसिद्ध केले. मोठ्या तुकड्याला पुढे एक्स आणि त्याच्या लहान जोडीदाराला वाय हे नाव रूढ झाले. स्टीव्हन्स यांनी मात्र घाई केली नाही. काही कीटकांत लहान तुकडा असतो, काहींत जोडीदारच नसतो, हे त्यांनी नोंदवले आणि पुढची काही वर्षे डझनावारी जातींचे भुंगेरे व माश्या तपासून आपलीच मांडणी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिली.

श्रेय कोणाला मिळाले?

त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनीही इतर कीटकांवरून स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष काढला. त्यामुळे शोधाचे श्रेय दोघांचे आहे. फरक इतकाच, की विल्सन तेव्हा परिस्थितीच्या परिणामालाही जागा ठेवत होते, तर स्टीव्हन्स यांची गुणसूत्रांवरील भिस्त अधिक ठाम होती. शिफारसपत्र देणारे मॉर्गन तर गुणसूत्रांमुळे वारसा चालतो या विचाराबद्दलच त्या वेळी साशंक होते.

तरीही पुढची कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत नाव आले ते विल्सन यांचे, नाहीतर मॉर्गन यांचे. विल्सन नामवंत प्राध्यापक होते. स्टीव्हन्स यांची कारकीर्द उशिरा सुरू झाली, पद लहान राहिले आणि आयुष्यही थोडे मिळाले. १९०५ मध्ये महिलांच्या उत्कृष्ट शास्त्रीय निबंधासाठी असलेले एलेन रिचर्ड्स पारितोषिक त्यांना मिळाले खरे, पण पूर्ण वेळ संशोधनाची जागा महाविद्यालयाने त्यांच्यासाठी निर्माण करेपर्यंत बराच उशीर झाला होता. ती जागा घेण्याआधीच, ४ मे १९१२ रोजी, स्तनाच्या कर्करोगाने बाल्टिमोर येथे त्यांचे निधन झाले. वय होते ५०. पहिल्या शोधनिबंधापासून मृत्यूपर्यंत जेमतेम ११ वर्षे मिळाली. तेवढ्यात त्यांनी जवळपास ४० निबंध लिहिले.

चिलटाचा यात काय संबंध?

बालाघाटच्या डोंगररांगांतली सीताफळे बीडची ओळख आहेत. ही फळे घरात चार दिवस जास्त राहिली, की त्यांच्यावर बारीक, तांबड्या डोळ्यांची चिलटे जमतात. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला. फळबागेत फळाला डंख मारणारी फळमाशी ही वेगळी, आकाराने मोठी कीड. चिलट बहुधा आधीच पिकून आंबू लागलेल्या फळावर येते. ते जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे असते. पंचवीस अंश तापमानात दहाएक दिवसांत त्याची नवी पिढी तयार होते आणि त्याला फक्त चार जोड्या गुणसूत्रे असतात. संशोधनाला याहून सोयीचा प्राणी शोधून सापडणार नाही.

स्टीव्हन्स यांनी या चिलटाचीही गुणसूत्रे पाहिली. अत्यंत लहान पेशी, त्यात एकमेकांना चिकटून बसणारी गुणसूत्रे. तरी १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माश्यांवरील निबंधात त्यांनी नर चिलटातील असमान जोडी दाखवली. दोनच वर्षांनी, १९१० मध्ये, कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या मॉर्गन यांना तांबड्या डोळ्यांच्या चिलटांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. त्याची पैदास केल्यावर दुसऱ्या पिढीत पांढरे डोळे फक्त नरांतच उतरले. हे कोडे सुटले ते स्टीव्हन्स यांच्या असमान जोडीमुळे. डोळ्यांच्या रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर होते आणि नराकडे एक्स एकच असतो. साशंक मॉर्गन यांना आता पटले. जनुके गुणसूत्रांवर बसलेली असतात, हे सिद्ध करणाऱ्या त्यांच्या कामाला १९३३ मध्ये नोबेल मिळाले. तोवर स्टीव्हन्स यांना जाऊन २१ वर्षे झाली होती.

भ्रूणातल्या पेशीला कसे कळते?

गुणसूत्रांचा हिशेब कळला, तरी खरा प्रश्न पुढेच होता. फलित अंडे ही एकच पेशी. तिच्यापासून डोळा, पंख, पाय, आतडे आणि नर किंवा मादीची इंद्रिये कशी तयार होतात? सगळ्या पेशींत जनुके तर तीच असतात. मग एक पेशी डोळ्याची आणि दुसरी पायाची का होते?

उत्तर असे, की प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात, पण सगळी चालू नसतात. पाटाच्या पाण्याचे जसे असते तसे. पाणी एकच, पण ज्या वाफ्याचे दार उघडले त्यातच ते जाते. भ्रूणात काही जनुकांचे काम इतर जनुकांची दारे उघडणे आणि बंद करणे हेच असते.

चिलटाच्या अंड्यात हे डोळ्यांसमोर घडताना पाहता येते. अंडे अर्ध्या मिलिमीटरचे. फलनानंतर त्यातील केंद्रकाची भराभर विभागणी होते. एकाची दोन, दोनाची चार असे करत हजारो केंद्रके तयार होतात, पण मध्ये भिंती नसतात. सुमारे तीन तासांनी प्रत्येक केंद्रकाभोवती पडदा येऊन वेगळ्या पेशी बनतात. साधारण एका दिवसात अळी बाहेर पडते. या काळात पुढचे टोक कुठले आणि मागचे कुठले, कोणता खंड डोक्याचा आणि कोणता पोटाचा, हे जनुके टप्प्याटप्प्याने ठरवतात. हे उलगडल्याबद्दल एडवर्ड लुईस, क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांना १९९५ चे नोबेल मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी याच चिलटाच्या जनुकांवरून वास आणि चव यांचा अभ्यास उभा केला.

नर की मादी, हा निर्णयही त्याच पहिल्या काही तासांतला. चिलटाच्या पेशीत एक्स दोन असतील, तर त्यांच्यावरील काही जनुकांची प्रथिने दुप्पट तयार होतात. तेवढा जोर मिळाला की सेक्स-लिथल नावाच्या जनुकाचे दार उघडते. हे दार एकदा उघडले की स्वतःलाच उघडे ठेवते. मग त्याच्या प्रभावाखाली एकामागून एक जनुके कामाला लागतात आणि पेशी मादीच्या वाटेने जाते. एक्स एकच असेल तर दार बंद राहते आणि पेशी नराच्या वाटेने जाते. गंमत म्हणजे चिलटात वाय गुणसूत्र नर घडवत नाही. दोन एक्स आणि एक वाय असलेले चिलट मादीच असते, हे मॉर्गन यांचे सहकारी कॅल्विन ब्रिजेस यांनी दाखवले.

अर्धा नर, अर्धी मादी

चिलटात प्रत्येक पेशी हा निर्णय स्वतःपुरता घेते, याचा थेट पुरावाही मिळाला. क्वचित एखाद्या मादी भ्रूणात अगदी सुरुवातीच्या विभागणीत एका केंद्रकातून एक एक्स गळून पडतो. त्या केंद्रकापासून पुढे तयार होणाऱ्या सगळ्या पेशी नर होतात आणि उरलेल्या मादीच राहतात. असे चिलट मोठे झाल्यावर शरीराचा एक भाग नराचा आणि दुसरा मादीचा दिसतो. पेशी शेजारीशेजारी असूनही प्रत्येक आपापला हिशेब पाळते.

माणसात काय होते?

माणसाच्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे नक्की झाले १९५६ मध्ये. स्त्रीकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. इथवर स्टीव्हन्स यांचा किडा आणि माणूस एकाच माळेत. पण पुढची यंत्रणा चिलटापेक्षा वेगळी आहे. माणसात वाय गुणसूत्र निर्णायक असते. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांची जननग्रंथी सारखीच दिसते. त्यानंतर वाय गुणसूत्रावरील एसआरवाय हे जनुक थोड्या काळासाठी चालू होते आणि ती ग्रंथी वृषणाच्या दिशेने वळते. हे जनुक नसेल तर ती बीजांडकोश होते. एसआरवायचा शोध लागला १९९० मध्ये, म्हणजे स्टीव्हन्स यांच्या निबंधानंतर ८५ वर्षांनी.

याचा साधा अर्थ असा, की आईचे प्रत्येक स्त्रीबीज एक्सच घेऊन येते. तिच्याकडे द्यायला दुसरे काही नसतेच. एक्स की वाय हे येते ते वडिलांच्या शुक्राणूतून.

मग दोष वडिलांचा का? तोही नाही. एक्स आणि वाय असलेले शुक्राणू जवळपास निम्मे-निम्मे असतात आणि कोणता पोहोचेल यावर पुरुषाचीही सत्ता चालत नाही. निसर्गाने हे काम नेहमी नराकडेच दिले आहे, असेही नाही. बीड जिल्ह्यात अनेक शेतकरी रेशीम शेती करतात. त्या रेशीमकिड्यात आणि अंगणातल्या कोंबडीत असमान जोडी मादीकडे असते, म्हणजे तिथे लिंग ठरते ते अंड्यावर. हा नाणेफेकीसारखा योगायोग आहे. यात कोणाचे पुण्य नाही आणि कोणाचे पापही नाही.

मग बीडमध्ये आकडा घसरला कसा?

निसर्गात दर हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्माला येतात. बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण २००१ च्या जनगणनेत ८९४ होते. ते २०११ मध्ये ८०७ झाले. राज्याचा आकडा याच काळात ९१३ वरून ८९४ वर आला. जिल्ह्यातली एवढी मोठी घसरण कोणत्याही शुक्राणूने घडवलेली नाही. ती माणसांनी घडवली.

आणि इथेच स्टीव्हन्स यांच्या शोधाची सर्वात कडवट बाजू आहे. १९७० च्या दशकात देशात गर्भजल चाचणी आली. ती होती गर्भातील आजार ओळखण्यासाठी. पण गर्भाच्या पेशीतील गुणसूत्रे पाहिली की एक्स-एक्स की एक्स-वाय हेही दिसते. धान्यातल्या किड्यात जी जोडी शोधायला आयुष्याची उमेदीची वर्षे गेली, तीच जोडी आता मुलगी असल्याचे सांगून गर्भ पाडण्यासाठी वाचली जाऊ लागली. पुढे सोनोग्राफीने हे काम आणखी सोपे आणि स्वस्त केले. मुंबईतील कार्यकर्त्यांच्या लढ्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये याविरुद्ध देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही मे २०१२ मध्ये परळीत बेकायदा गर्भपातात एका महिलेचा जीव गेला आणि या धंद्याचा पसारा राज्यासमोर आला. त्या प्रकरणात २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावली.

म्हणजे गुणसूत्रांचे ज्ञान तपासणीच्या खोलीपर्यंत लगेच पोहोचले. घराच्या उंबऱ्याआत मात्र ते अजून पूर्ण पोहोचलेले नाही. गर्भातील मुलगी ओळखायला जे विज्ञान चालते, तेच विज्ञान सुनेला निर्दोष ठरवते, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

पुडी, काढा, नवस यांनी काही होते का?

नाही. लिंग फलनाच्या क्षणी ठरलेले असते. गर्भ राहिल्याचे कळते तेव्हा तो निर्णय होऊन काही आठवडे उलटलेले असतात. त्यानंतर घेतलेले कोणतेही औषध, काढा किंवा पुडी एक्सचा वाय करू शकत नाही. उलट गर्भारपणात घेतलेल्या अज्ञात औषधामुळे बाळाला आणि आईला धोका होऊ शकतो. मुलगा होण्याची हमी देणाऱ्याचा धंदा चालतो तो सोप्या गणितावर. काही न करताही जवळपास निम्म्या ग्राहकांना मुलगा होणारच असतो. तो समाधानी ग्राहक गावभर सांगतो. ज्याला मुलगी झाली, तो गप्प बसतो.

गर्भलिंग सांगणे, विचारणे आणि त्याची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. अशी तपासणी झाल्यास स्त्रीने ती पती किंवा नातेवाइकांच्या दबावाखाली केली असेच कायदा गृहीत धरतो, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. सुनेवर दबाव असतो, हे कायद्याने ओळखले आहे. ते घरानेही ओळखायला हवे.

आज स्टीव्हन्स कुठे आहेत?

१९९४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल विमेन्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव समाविष्ट झाले. ७ जुलै २०१६ रोजी, त्यांच्या १५५ व्या जयंतीला, गूगलने मुखपृष्ठावर त्यांचे डूडल लावले. त्या दिवशी अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले. शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात एक्स आणि वायची आकृती असते. ती प्रत्येक विद्यार्थी काढतो, त्यावर गुणही मिळवतो. ती आकृती कोणी शोधली, हे मात्र बहुतेकांना माहीत नसते.

स्टीव्हन्स यांचे स्मरण करायचे तर फार काही करायला नको. नववी-दहावीतल्या मुलाने किंवा मुलीने ही आकृती वहीत काढली असेल, तर ती एकदा घरी दाखवावी. आजीला, आजोबांना, वडिलांना. दोन एक्स आईचे, एक एक्स आणि एक वाय वडिलांचा, आणि खाली चार चौकटी. पाच मिनिटांचे काम आहे. पण त्या पाच मिनिटांत घरातल्या एखाद्या बाईच्या डोक्यावरचे अनेक वर्षांचे ओझे उतरू शकते.